फाईल फोडायच्या स्क्रिप्टचं पायथन पॅकेज : पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

आमच्या ऑफिसात ‘फाईल फोडायची स्क्रिप्ट’ नावाची एक चीज बरीच वर्षं फिरत होती. मोठी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम तोडलेली साधी टेक्स्ट फाईल) आली, एक्सेलमध्ये मावेना, की कुणीतरी म्हणायचं, “ती स्क्रिप्ट पाठव रे.” मग ती व्हॉट्सॲपवरून जायची, पेन ड्राइव्हवरून जायची आणि जिथे जाईल तिथे तिला एक पिल्लू व्हायचं. कुणी मथळ्याची ओळ गाळलेली, कुणी स्वतःच्या डेस्कटॉपचा पाथ आत कोंबलेला. एकदा दोघांनी एकाच फाईलचे तुकडे केले आणि नोंदींची बेरीज जुळेना. अख्खी दुपार त्यात गेली. तेव्हा ठरवलं की हिचं रीतसर पॅकेज करायचं. ज्याला हवं त्याने ‘पिप इन्स्टॉल’ (पायथनची पॅकेज बसवायची कमांड) म्हणावं आणि सगळ्यांकडे एकच कोड असावा.

पायपीआयवर, म्हणजे पायथन पॅकेजांच्या ज्या सार्वजनिक भांडारातून पिप सामान आणतं तिथे, अपलोड करायला दहा मिनिटं लागली. त्याआधी तीन शनिवार गेले. हा लेखही त्याच प्रमाणात आहे : अपलोडवर थोडं, त्याआधीच्या कामावर बरंच. तुम्हाला पायथनमध्ये फंक्शन लिहिता येतं आणि टर्मिनल उघडता येतं, एवढं मी धरून चाललोय. कमांड मी फोनवरून कुणाला सांगाव्यात तशा लिहिल्या आहेत : ‘डॅश’ म्हणजे आडवी रेघ, ‘डॉट’ म्हणजे टिंब. टाईप अर्थातच रोमन अक्षरांत करायचं.

या पॅकेजला, म्हणजे आपल्या लायब्ररीला, या लेखापुरतं ‘फोडी’ म्हणू. लोणच्याला कैरीच्या करतो त्या.

फाईल फोडायची कशासाठी, हे आधी ठरवा

नवे लोक हे टाळून थेट कोडकडे जातात. पण कारण ठरल्याशिवाय लायब्ररीने काय करायचं तेही ठरत नाही.

एक्सेलच्या एका शीटवर १०,४८,५७६ ओळी मावतात. जुन्या एक्सएलएस प्रकारात ६५,५३६. ही मर्यादा किती महाग पडते ते ब्रिटनने २०२० मध्ये पाहिलं. प्रयोगशाळांकडून आलेले कोविडचे निकाल जुन्या एक्सएलएस फाईलींमध्ये ओतले जात होते, एकेका रुग्णाच्या कितीतरी ओळी होत होत्या आणि जागा संपल्यावर उरलेल्या ओळी गुपचूप गळल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठवड्यातले १५,८४१ रुग्ण मोजणीतून सुटले आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायला तेवढा उशीर झाला.

दुसरं कारण आकाराचं. कोड ठेवायची साईट गिटहब १०० एमबीपेक्षा मोठी फाईल घेत नाही, जीमेलची अटॅचमेंट २५ एमबीला अडते, एफएटी ३२ फॉरमॅटच्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीची एक फाईल बसत नाही. तिसरं कारण वाटपाचं : राज्याची एक फाईल आहे आणि प्रत्येक जिल्ह्याला फक्त त्याची नोंद पाठवायची आहे.

म्हणजे तीन कामं झाली : ओळींच्या संख्येवर, आकारावर आणि कॉलममधल्या मूल्यावर फोडणं. पहिल्या आवृत्तीत मी पहिलं आणि तिसरंच ठेवलं. तुम्हीही दोनच ठेवा. वापरणारा माणूस एकदा एखाद्या सोयीवर विसंबला की ती काढणं जड जातं. नवी सोय मात्र कधीही घालता येते.

“युनिक्सची स्प्लिट कमांड आहे की, मग हा उद्योग कशाला?” असं कुणीतरी विचारणारच. ती उत्तम आहे, पण तिला ओळ कळते, नोंद कळत नाही. आणि खरी गोम तिथेच आहे.

कोड परक्या फाईलवर टिकेल असा करा

सीएसव्हीमध्ये एक नोंद म्हणजे एक ओळ, असं आपण मनात धरतो. पत्त्याच्या कॉलमने हा समज मोडतो. कुणीतरी फॉर्ममध्ये ‘घर नं. ४, विठ्ठल मंदिरामागे,’ लिहून एंटर मारलेलं असतं आणि खाली ‘मु. पो. वाठार’. सीएसव्हीत हे अवतरणचिन्हांच्या आत बसतं आणि पूर्णपणे वैध असतं. ओळी मोजून कापलं तर पहिला तुकडा मंदिरामागे संपतो आणि दुसरा वाठारपासून सुरू होतो, तेही न उघडलेलं अवतरणचिन्ह बंद करत. पुढच्या सगळ्या नोंदींचे कॉलम सरकतात. एरर मात्र कुठेच येत नाही.

म्हणून स्वतः ओळी मोजू नका, पायथनच्या सीएसव्ही मॉड्यूलला नोंदी वाचू द्या. फाईल उघडताना ‘न्यूलाईन’ला रिकामी स्ट्रिंग द्यायला विसरू नका. वाचताना ती नसली तर मूल्याच्या आतले एंटर बिघडू शकतात आणि विंडोजवर लिहिताना नसली तर प्रत्येक नोंदीनंतर एक कोरी ओळ येते. हा घोळ एवढा सर्रास दिसतो की कोऱ्या ओळी पाहिल्या की मी आधी तिथेच बघतो.

एन्कोडिंगही (अक्षरं फाईलमध्ये साठवायची पद्धत) उघड लिहा. विंडोजवर पायथनच्या ३.१४ पर्यंतच्या आवृत्त्या सिस्टिमची स्वतःची एन्कोडिंग धरतात आणि देवनागरी फाईल तशी उघडली की कधी एरर येते, कधी ‘पुणे’च्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. वाचण्यासाठी ‘यूटीएफ डॅश ८ डॅश सिग’ हा प्रकार वापरा. एक्सेलमधून यूटीएफ ८ म्हणून सेव्ह केलेल्या सीएसव्हीच्या सुरुवातीला न दिसणारी खूण असते, ती यात गळून पडते. गळली नाही तर पहिल्या कॉलमचं नाव ‘जिल्हा’ दिसतं, पण असतं ‘अदृश्य खूण अधिक जिल्हा’. मग लायब्ररी म्हणते जिल्हा कॉलम सापडला नाही आणि समोरचा स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणतो, हा काय मग! लिहितानाची गोष्ट उलट आहे. तुकडे एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडले जाणार असतील तर ती खूण हवी, दुसऱ्या प्रोग्रॅमला द्यायचे असतील तर नको. वापरणाऱ्याला तो पर्याय द्या.

पांडाज (डेटा हाताळायची लोकप्रिय लायब्ररी) वापरू का, असा मोह होतो. इथे मी वापरत नाही. ‘००४५१’ हा खातेक्रमांक पांडाजने आकडा समजून ४५१ केला तर फोडण्याच्या नादात आपण डेटाच बदलला. आपल्याला मूल्यं समजून घ्यायची नाहीत, जशीच्या तशी पुढे द्यायची आहेत. (एक्सेल गट नंबर १२/१ ला तारीख समजतं ते वेगळंच दुखणं. ते आपल्या हातात नाही, पण रीडमीत, म्हणजे पॅकेजसोबतच्या माहितीच्या फाईलीत, एक ओळ लिहून ठेवा, नाहीतर दोष फोडीला लागतो.) शिवाय बाहेरची एकही लायब्ररी लागत नसली की पॅकेजिंगचं अर्धं ओझं उतरतं.

आता कॉलमवरून फोडणं. मी माझ्या लिनक्स लॅपटॉपवर तालुक्यानुसार फाईल फोडली, छान चाललं. सहकाऱ्याच्या मॅकवर तीच फाईल, तोच कोड : उघड्या फाईली फार झाल्या म्हणून प्रोग्रॅम आडवा. महाराष्ट्रात ३५८ तालुके आहेत. मी प्रत्येक तालुक्याची फाईल उघडून शेवटपर्यंत उघडीच ठेवत होतो. लिनक्सवर एका प्रोग्रॅमला साधारण १,०२४ फाईली उघड्या ठेवता येतात, मॅकच्या टर्मिनलमध्ये मुळात २५६. जिल्ह्यांवर, म्हणजे ३६ फाईलींवर, चाचणी केली असती तर हे कधी दिसलंच नसतं.

उपाय साधा आहे. एका वेळी शंभरेक फाईलीच उघड्या ठेवायच्या. नवी लागली तर सर्वांत जास्त वेळ न वापरलेली बंद करायची आणि पुन्हा गरज पडली की ‘अपेंड’ मोडमध्ये उघडायची. पण अपेंड म्हटलं की दुसरा खड्डा येतो : माणसाने तीच कमांड दोनदा चालवली तर जुन्या तुकड्यांच्या खाली नवा डेटा चिकटतो आणि सगळं दुप्पट होतं. म्हणून फोडीचा नियम असा की ज्या फोल्डरमध्ये तुकडे टाकायचे ते रिकामं नसेल तर काम सुरूच करायचं नाही. चिडतात लोक, पण बेरीज बरोबर येते.

आणि मग कऱ्हाड. हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एका फाईलमधून कऱ्हाडचे दोन तुकडे आले, नावं डोळ्यांना हुबेहूब सारखी. आतली अक्षरं तपासली तर एकात ‘ऱ’ हे एकसंध अक्षर होतं आणि दुसऱ्यात साधा ‘र’ आणि त्याखाली वेगळा नुक्ता. युनिकोडच्या लेखी दोन्ही समतुल्य आहेत, पायथनच्या लेखी दोन वेगळ्या स्ट्रिंग. दुसरा प्रकार बहुधा जुन्या फॉन्टवरून बदल करणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅममधून आला असावा. लिनक्सवर दोन फाईली झाल्या, म्हणजे घोळ निदान दिसला तरी. मॅकची एपीएफएस फाईलसिस्टिम मात्र ही दोन्ही नावं एकच धरते. तिथे एक कऱ्हाड दुसऱ्याला पुसून टाकतं. फाईलचं नाव बनवण्यापूर्वी मूल्य ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलच्या नॉर्मलाइझ फंक्शनमधून ‘एनएफसी’ (युनिकोडचं एकसंध रूप) करून घ्या, ‘र’ आणि नुक्ता मिळून ‘ऱ’ होतो. मात्र फाईलच्या आतली नोंद तशीच राहू द्या, ती आपली नव्हे.

याच ओघात : मूल्यात तिरकी रेघ असेल तर ते फाईलचं नाव होऊ शकत नाही. विंडोजवर ‘एनयूएल’ किंवा ‘सीओएन’ अशी काही नावं राखीव असतात. आणि ज्या डेटात निम्म्या नोंदी ‘औरंगाबाद’ आणि निम्म्या ‘छत्रपती संभाजीनगर’ आहेत तिथे दोन तुकडे होणार. ते जोडणं लायब्ररीचं काम नाही. जोडायला गेलात की उद्या तुमच्या पदरात सगळ्या देशाच्या गावांची यादी पडेल.

समसमान वाटणीसाठी कुणी कॉलमच्या हॅशवर (मूल्यावरून काढलेल्या आकड्यावर) तुकडा ठरवतं. तिथे पायथनचं अंगचं ‘हॅश’ फंक्शन घेऊ नका. ३.३ आवृत्तीपासून स्ट्रिंगचा हॅश प्रोग्रॅम सुरू होताना दरवेळी बदलतो. आज सुनीताची नोंद तिसऱ्या तुकड्यात, उद्या सातव्यात. ‘झेडलिब’मधलं सीआरसी ३२ घ्या, ते सगळीकडे आणि कायम तेच उत्तर देतं.

तुकड्यांची नावं ठरवताना आकड्याआधी शून्यं भरा : ०००१, ०००२. नाहीतर यादीत १ च्या पाठोपाठ १० येतो आणि जोडताना क्रम बिघडतो. हे नाव म्हणजे तुमचा शब्द आहे असं समजा. उद्या तुम्ही ‘भाग’ऐवजी ‘तुकडा’ केलंत तर कुणाचा तरी रात्री चालणारा प्रोग्रॅम सकाळी रिकाम्या हाताने उभा असेल.

शेवटचं, आणि बेरजेच्या त्या दुपारवरचं औषध : तुकड्यांसोबत एक छोटी यादी लिहा. कोणत्या फाईलमध्ये किती नोंदी, एकूण किती. यादी सर्वांत शेवटी लिहायची. यादी नसेल तर काम अर्धवट राहिलं, असा अर्थ आपोआप होतो.

फोल्डरची मांडणी

बाहेर ‘फोडी’ नावाचं मुख्य फोल्डर. त्यात ‘एसआरसी’, आणि एसआरसीच्या पोटात पुन्हा ‘फोडी’, ज्यात खरा कोड आणि ‘इनिट’ फाईल, दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असलेली. मुख्य फोल्डरमध्येच ‘टेस्ट्स’, रीडमी, परवान्याची फाईल आणि ‘पायप्रोजेक्ट डॉट टॉमल’.

एसआरसी हा मधला मजला कशाला? तो नसेल आणि तुम्ही मुख्य फोल्डरमध्ये बसून पायथन सुरू केलात, तर ‘इम्पोर्ट फोडी’ म्हटल्यावर समोर पडलेलं फोल्डरच उचललं जातं. पॅकेज बसलंय की नाही, त्यात एखादी फाईल राहून गेलीय का, काहीच कळत नाही. सगळं घरात चालतं, बाहेर पडलं की मोडतं. एसआरसी असलं की पॅकेज खरोखर इन्स्टॉल केल्याशिवाय इम्पोर्ट होतच नाही. काम करताना ‘पिप इन्स्टॉल डॅश ई डॉट’ ही कमांड एकदा द्या. मग कोडमधला बदल लगेच लागू होतो, दरवेळी बसवावं लागत नाही.

पायप्रोजेक्ट डॉट टॉमल

नेटवरच्या जुन्या लेखांत ‘सेटअप डॉट पीवाय’ दिसेल. नव्या कामाला त्याची गरज नाही. पायप्रोजेक्टची कल्पना २०१६ च्या पेप ५१८ मधून आली (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलांचे क्रमांक दिलेले प्रस्ताव) आणि पॅकेजची माहिती त्यात कशी लिहायची ते २०२० च्या पेप ६२१ ने ठरवलं.

दोन भाग पुरतात. ‘बिल्ड डॅश सिस्टिम’मध्ये पॅकेज कोणत्या हत्याराने बांधायचं ते. मी हॅचलिंग घेतो, सेटअपटूल्सही चालेल. साध्या पायथन कोडला दोन्हींत फरक फारसा जाणवत नाही, त्यामुळे कोणतं चांगलं यावर रात्र जागवू नका.

‘प्रोजेक्ट’ या भागात नाव, आवृत्ती, एका ओळीचं वर्णन, रीडमीचं नाव, परवाना आणि ‘रिक्वायर्स डॅश पायथन’. शेवटच्यात ‘३.१० किंवा पुढचं’ एवढंच लिहा, वरची मर्यादा घालू नका. ‘३.१३ पर्यंतच’ असं लिहिलंत तर ३.१४ वर कोड ठणठणीत असूनही पिप तुमची ही आवृत्ती बसवायला नकार देईल.

नाव रोमन अक्षरं, आकडे, टिंब, रेघ आणि अंडरस्कोर एवढ्यांतूनच होतं. पायपीआय लहान-मोठी अक्षरं आणि रेघ-अंडरस्कोर यांत फरक करत नाही, म्हणजे ‘फाईल डॅश फोडी’ कुणी घेतलं असेल तर ‘फाईल अंडरस्कोर फोडी’ तुम्हाला मिळणार नाही. नाव मोकळं आहे का ते कोड लिहिण्याआधी पाहा. मी नंतर पाहिलं आणि रीडमी दोनदा लिहिली.

‘प्रोजेक्ट डॉट स्क्रिप्ट्स’ हा छोटा भाग मात्र जरूर घाला. तिथे कमांडचं नाव आणि ती कोणत्या फंक्शनला पोचते हे लिहिलं की इन्स्टॉल झाल्यावर टर्मिनलमध्ये थेट ‘फोडी’ ही कमांड चालते, विंडोजवरही. ज्यांना पायथन येत नाही अशा सहकाऱ्यांसाठी खरी लायब्ररी म्हणजे हीच.

परवाना न लिहिता ठेवलेला कोड दिसतो सगळ्यांना, पण वापरायची मुभा कायद्याने कुणालाच मिळत नाही. एमआयटी परवाना छोटा आणि सुटसुटीत आहे. कोड ऑफिसच्या वेळेत लिहिला असेल तर तो बाहेर टाकायला आधी वरिष्ठांचा होकार घ्या, लेखी.

बांधा आणि उघडून बघा

‘पिप इन्स्टॉल बिल्ड ट्वाईन’ म्हणा. बिल्ड पॅकेज बांधतं, ट्वाईन ते अपलोड करतं. मग मुख्य फोल्डरमधून ‘पायथन डॅश एम बिल्ड’. ‘डिस्ट’ नावाचं फोल्डर तयार होतं आणि त्यात दोन फाईली : एक टार, ज्यात मूळ सामान असतं, आणि एक व्हील, जी थेट बसवता येते. (पायपीआयचं जुनं लाडकं नाव ‘चीज शॉप’, त्यामुळे ही व्हील म्हणजे चीजची गोल चकती.) व्हीलच्या नावाच्या शेवटी ‘पीवाय ३, नन, एनी’ असं दिसलं की समजायचं : पायथन ३ असलेल्या कोणत्याही मशीनवर चालेल.

दोन्ही उघडून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. व्हील म्हणजे साधी झिप असते, ‘पायथन डॅश एम झिपफाईल डॅश एल’ आणि पुढे तिचं नाव दिलं की आतली यादी येते. टारसाठी ‘टार डॅश टीएफ’.

मी पहिल्यांदा टार उघडला तेव्हा आत ‘नमुना’ नावाचं फोल्डर होतं. त्यात चाचणीसाठी ठेवलेली खरी सीएसव्ही होती : नावं, गावं, मोबाईल नंबर. हॅचलिंग टारमध्ये मुख्य फोल्डरातलं सगळं घेतं, गिटइग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाईलींची यादी) लिहिलेलं तेवढं सोडून, आणि मी ते फोल्डर गिटइग्नोरमध्ये घातलं नव्हतं. नशीब, तोवर कुठे अपलोड केलं नव्हतं. पायपीआयवरून फाईल काढता येते, पण ती नक्कल ठेवणाऱ्या इतर सर्व्हरवर आधीच उतरलेली असू शकते. फाईली फोडणाऱ्या लायब्ररीच्या आसपास मोठ्या आणि खऱ्या फाईली पडलेल्या असणारच, म्हणून हा धोका आपल्याला इतरांपेक्षा जास्त. चाचणीचा डेटा कोडनेच तयार करा : दोनशे खोट्या नोंदी, त्यात एक दोन ओळींचा पत्ता, दोन्ही प्रकारचे कऱ्हाड, आणि तीनशेहून जास्त वेगवेगळी मूल्यं पाडणारा एक कॉलम हवा असेल तर नोंदी चारशे करा.

आता खरी परीक्षा. मुख्य फोल्डरमधून बाहेर या, कुठेतरी दुसरीकडे ‘पायथन डॅश एम व्हेनव्ह’ने कोरं एन्व्हायर्नमेंट (आधीची कोणतीही लायब्ररी नसलेली वेगळी जागा) करा, त्यात फक्त ती व्हील बसवा आणि ‘फोडी’ कमांड चालवा. जमलं तर विंडोजच्या एका मशीनवरही. आमच्याकडे अकाउंट्समधल्या एका बाईंच्या मशीनवर मी हे करून पाहिलं. त्यांच्या फोल्डरच्या नावात स्पेस होती, कमांड तिथेच अडखळली. दोष माझ्या रीडमीतल्या उदाहरणाचा होता, पाथभोवती अवतरणचिन्हं घातलीच नव्हती.

आधी टेस्ट पायपीआय, मग खरं

टेस्ट पायपीआय ही तालमीची जागा. तिचं खातं वेगळं काढावं लागतं. खऱ्या पायपीआयवर १ जानेवारी २०२४ पासून दोन टप्प्यांची ओळखतपासणी सक्तीची आहे, त्यामुळे फोनवर ऑथेंटिकेटर ॲप लागेल. रिकव्हरी कोड कागदावर लिहून ठेवा. फोन बदलला की आठवण येते.

खात्यात जाऊन टोकन (पासवर्डऐवजी द्यायची लांब किल्ली) तयार करा. पहिल्या अपलोडच्या वेळी प्रोजेक्ट अस्तित्वातच नसतो, म्हणून टोकन संपूर्ण खात्याचं घ्यावं लागतं. अपलोड झालं की ते रद्द करून फक्त त्या प्रोजेक्टपुरतं नवं काढा. टोकन कोडमध्ये, रीडमीत किंवा ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचं नाही, हे सांगायला नको, तरी सांगतो.

‘ट्वाईन चेक डिस्ट’ आणि पुढे तिरकी रेघ नि तारा. रीडमी नीट दिसेल ना ते यात कळतं. मग ‘ट्वाईन अपलोड डॅश डॅश रिपॉझिटरी टेस्टपायपीआय’ आणि पुन्हा तेच डिस्ट. टोकन विचारलं की चिकटवा. पेस्ट केल्यावर स्क्रीनवर काही उमटलं नाही तरी घाबरू नका, पासवर्डसारखं ते लपवलेलं असतं.

टेस्टवरून बसवून पाहिलं, रीडमी वाचून पाहिली, समाधान झालं की तीच अपलोडची कमांड रिपॉझिटरीचा भाग गाळून द्या. झालं, आता जगातल्या कुणालाही ‘पिप इन्स्टॉल’ म्हणता येईल. पुढे कधी गिटहबवरून आपोआप प्रकाशन करायचं ठरवलंत तर पायपीआयचं ‘ट्रस्टेड पब्लिशिंग’ बघा. २०२३ पासून ते आहे आणि त्यात टोकन जपत बसावं लागत नाही. पहिल्या खेपेला मात्र सगळं हातानेच करा, काय घडतंय ते कळतं.

दुसऱ्या दिवशी चूक सापडते

सापडतेच. माझ्या ०.१.० मध्ये मथळ्याची ओळ पहिल्याच तुकड्यात जात होती. म्हणजे व्हॉट्सॲपवरच्या पिल्लाचाच रोग.

पहिली ऊर्मी असते ती फाईल काढून दुरुस्त केलेली त्याच नावाने चढवण्याची. पायपीआय ते करू देत नाही. एकदा वापरलेलं फाईलचं नाव, ती फाईल डिलीट केली तरी, पुन्हा वापरता येत नाही. आणि ते बरंच आहे, नाहीतर ०.१.० म्हणजे नेमकं काय हे दोन माणसांसाठी दोन गोष्टी झाल्या असत्या. आपण निघालो होतो ते हेच बंद करायला.

आवृत्ती ०.१.१ करा आणि नव्याने चढवा. बिघडलेली ०.१.० ‘यँक’ करा. यँक केलेली आवृत्ती नव्या माणसाला पिप देत नाही, पण ज्याने मुद्दाम ‘मला ०.१.० च हवी’ असं लिहून ठेवलंय त्याचं काम थांबत नाही. दुरुस्ती असेल तर शेवटचा आकडा वाढवा. तुकड्यांची नावं, मूळची एन्कोडिंग किंवा यादीतले कॉलम बदलणार असाल, तर कोडमध्ये एकच ओळ बदललेली असली तरी तो मोठा बदल धरा आणि बदलांच्या नोंदवहीत सर्वांत वर लिहा.

आणि नवी आवृत्ती बांधण्याआधी डिस्ट फोल्डर रिकामं करा. जुन्या फाईली तिथेच राहिल्या तर ट्वाईन त्याही पाठवायला जातं, ‘ही फाईल आधीच आहे’ म्हणून पायपीआय नकार देऊ शकतं आणि आपण अर्धा तास टोकन तपासत बसतो.